पी५३ ची अँटीबॉडी प्रवासात मेली का? हेलाच्या लेनमध्ये काहीच नाही

सुरंगी (रत्नागिरी)

नमस्कार, मी रत्नागिरीत एम.एस्सी. बायोटेक सेकंड इयरला आहे. प्रोजेक्ट तोंडाच्या कॅन्सरवर आहे, तंबाखू-मशेरीची सवय असलेल्या पेशंटच्या गाठीत पी५३ (पेशीला कॅन्सरपासून रोखणारं) प्रोटीन किती आहे ते वेस्टर्न ब्लॉटवर बघायचं, म्हणजे जेलमध्ये प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी करून मेंब्रेनवर उतरवायची आणि अँटीबॉडीने हवं ते शोधायचं. टिशू एका हॉस्पिटलमधून मिळतात, एथिक्स कमिटीची परवानगी झालीये, ऑपरेशनच्या वेळी गाठीचा एक तुकडा आणि जरा लांबच्या चांगल्या भागाचा एक असे जोडीने देतात. आत्तापर्यंत दोन पेशंटच्या दोन जोड्या हातात आल्यात.

अँटीबॉडी जुलैत मागवली. मुंबईहून निघाली आणि त्याच दिवशी घाटात दरड आली, कुरियरची गाडी दोन दिवस अडकली. पार्सल उघडलं तेव्हा जेल पॅक पूर्ण पातळ झालेले, थर्माकोलला आतून घाम सुटलेला आणि त्या एवढ्या मोठ्या खोक्यात ती शंभर मायक्रोलिटरची इवलीशी ट्यूब, हाताला अजिबात गार लागली नाही. मी तशीच उचलून चार डिग्रीला ठेवली.

आता ब्लॉटचं. पहिल्या लेनला लॅडर (वजनाची मोजपट्टी), मग हेला पेशी (पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, म्हणजे यात पी५३ दिसणारच असं धरून; लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, मुंबईच्या एका मैत्रिणीकडून आणलेलं), मग एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी), मग दोन्ही जोड्या. आमच्याकडे इमेजिंगचं मशीन नाही म्हणून डॅबने (तपकिरी रंग देणारं रसायन) रंग काढते. रिझल्ट असा की हेला कोरी करकरीत, काहीच नाही. एमसीएफ-७ ला डोळे बारीक करून बघितलं तर पुसट रेघ. आणि टिशूच्या चारही लेनमध्ये ५० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) जरा वर कुठेतरी जाड तपकिरी मस्त बँड, शिवाय खाली २५ जवळ अजून एक धूसर, तो मी पी५३ तुटून झालेला तुकडा धरलाय.

गाइड सर म्हणतात टिशूत आलाय ना, मग अँटीबॉडी चालतेय, पुढे चल. लॅबमधली सीनियर म्हणते कंट्रोलच कोरा आहे म्हणजे अँटीबॉडी अर्धीमुर्धी मेलीये, नवीन मागव. नवीनचं कोटेशन पस्तीस हजारांच्या वर गेलंय आणि आमच्या डिपार्टमेंटला ते पैसे मिळेपर्यंत माझं सबमिशन होऊन जाईल. दोन रात्री झोप नाही मला. कोणी यातलं असेल तर प्लीज सांगा.

वेंगुर्लेकर

नवीन मागवायची घाई करू नकोस. आधी सगळं नीट लिही, क्लोन कुठला, माऊस की रॅबिट, डायल्यूशन काय घेतलंस, सेकंडरी (प्रायमरीला, म्हणजे पी५३ वाल्या अँटीबॉडीला, धरून रंग आणणारी दुसरी अँटीबॉडी) कुठली, ब्लॉकिंग कशात. नुसतं 'पी५३ ची अँटीबॉडी' म्हणजे नुसतं 'मासे आणले' म्हटल्यासारखं झालं, बांगडा की सुरमई ते कळल्याशिवाय रश्शाचं काय सांगणार.

आणि एक गोष्ट मला खटकतेय, चांगल्या भागाच्या तुकड्यातही गाठीइतकाच जाड बँड आहे का?

सुरंगी (रत्नागिरी)

हो दादा, चारही लेन सारख्याच जाड आहेत, उलट दुसऱ्या पेशंटच्या चांगल्या तुकड्यात जरा जास्तच.

क्लोन डीओ-१, माऊस मोनोक्लोनल. १ ला १००० घेतली, रात्रभर चार डिग्रीला. ब्लॉकिंग ५ टक्के दूध पावडर. सेकंडरी गोट अँटी-माऊस, एचआरपी (डॅबचा रंग आणणारं एन्झाइम) जोडलेली, ती लॅबमध्ये आधीपासूनची आहे, चालते. मेंब्रेन पीव्हीडीएफ. सँपल बफरमध्ये मर्कॅप्टोइथेनॉल घालून पाच मिनिटं उकळलं.

खाडीपलीकडे (दापोली)

सुरंगी, आधी थोडी झोप घे, तुझी अँटीबॉडी मला तरी ठणठणीत दिसतेय. मी खारघरला कॅन्सरच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली, आता दापोलीला असते, यातल्या एकेका लेनवर माझे महिने गेलेत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं हेलाचं. हेला पी५३ साठी पॉझिटिव्ह कंट्रोल नाहीच. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून त्या पेशी काढल्या आणि त्या कॅन्सरमागे एचपीव्ही-१८ हा व्हायरस होता. त्याचं ई६ नावाचं प्रोटीन आजही त्या पेशींमध्ये तयार होतं. हे ई६ पेशीतलंच ई६एपी नावाचं एन्झाइम हाताशी धरतं, पी५३ ला युबिक्विटिनचं शेपूट लावून घेतं, आणि शेपूट लागलं की प्रोटियाझोम ते प्रोटीन चावून संपवतो. म्हणजे हेलात पी५३ चं जीन चांगलं आहे, प्रोटीन बनतंही, पण बनलं की लगेच नाहीसं होतं. ब्लॉटवर फार तर सावलीसारखं काहीतरी दिसेल, बऱ्याचदा तेही नाही. लॅबमध्ये हेला सगळ्यांकडे असते म्हणून कंट्रोल म्हणून सगळे उचलतात, आणि पी५३ च्या बाबतीत नेमकी तीच चुकीची. तेव्हा तुझी कोरी लेन आहे ना, ती या ब्लॉटमधली सगळ्यात खरी बोलणारी लेन आहे.

दुसरं एमसीएफ-७. यात पी५३ नॉर्मल, म्युटेशन नसलेलं. नॉर्मल पी५३ चं अर्धं आयुष्य साधारण वीस मिनिटं, कारण एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याला सतत खाली ओढत असतं. म्हणून पुसट रेघ येणं बरोबरच आहे. त्याच पेशींना डॉक्सोरुबिसिन (कॅन्सरवरचं औषध) दिलं की डीएनए मोडतो, एमडीएम२ ची पकड सुटते आणि पी५३ साठायला लागतं. तुझ्या मैत्रिणीला सांग, एक फ्लास्क तसाच आणि एक डॉक्सोरुबिसिन घालून, दोन्हींची लायसेट दे. शेजारी शेजारी चालवलीस आणि दुसरीत बँड चढला की अँटीबॉडीचं काम झालं, वर कुणाची साक्ष लागत नाही.

तिसरं जे आहे ते तुला आवडणार नाही. तुझा तो मस्त बँड. मला तो पी५३ वाटत नाही.

बघ, ५० जवळ जाड आणि २५ जवळ धूसर, ही जोडी ओळखीची आहे. माणसाच्या रक्तातली आयजीजी अँटीबॉडी १५० किलोडाल्टनची असते, मर्कॅप्टोइथेनॉल घालून उकळलीस की तिचे जोड सुटतात आणि दोन जड साखळ्या ५० ला, दोन हलक्या २५ ला पळतात. ऑपरेशनमधून आलेल्या तुकड्यात रक्त असणारच, शिवाय तोंडाच्या गाठीभोवती प्लाझ्मा पेशींची गर्दी असते, त्या आयजीजीच बनवत बसलेल्या असतात. आणि तुझी सेकंडरी गोट अँटी-माऊस. माऊसची आयजीजी आणि माणसाची आयजीजी एकमेकींसारख्या इतक्या असतात की साधी सेकंडरी माणसाच्या आयजीजीलाही जाऊन चिकटते, मधे प्रायमरी असो नसो. म्हणूनच तुझ्या चांगल्या तुकड्यातही तेवढाच जाड बँड. चांगल्या टिशूत पी५३ इतकं असायचं कारणच नाही.

गोंधळ व्हायचं अजून एक कारण म्हणजे ५३ हा आकडा. या प्रोटीनमध्ये ३९३ अमिनो अ‍ॅसिड आहेत, खरं वजन भरतं ४४ किलोडाल्टनच्या जरा आतच. पण त्यात एका भागात प्रोलिन दाटीने आहेत, त्यामुळे जेलमध्ये ते हळू पळतं आणि ५३ वर दिसतं. १९७९ साली सापडलं तेव्हा जेलवर जे दिसलं तेच नाव पडलं आणि राहिलं. आता ५३ आणि ५० मधला फरक दहा टक्क्यांच्या छोट्या जेलवर डॅबच्या जाड रेघेत कसा कळणार, मलाही कळणार नाही.

करायचं काय तर नवीन काही विकत घ्यायचं नाहीये. तेच सँपल दोन सारख्या जेलवर चालव, दोन मेंब्रेन काढ. एकीला नेहमीसारखी प्रायमरी. दुसरीला प्रायमरीच्या जागी नुसता दुधाचा बफर, तेवढाच वेळ, त्याच थंडीत. मग दोघींना एकच सेकंडरी, एकाच वेळी डॅब. दुसऱ्या मेंब्रेनवर टिशूचे बँड उगवले तर ते पी५३ नाहीत हे ठरलं. शिवाय जमलं तर एक टिशू सँपल मर्कॅप्टोइथेनॉल न घालता चालव, आयजीजी असेल तर ५० चा बँड तिथून उठून वर १५० कडे जाईल.

माझं स्वतःचं सांगते. पीएच.डी.च्या वेळी एक रॅबिट पॉलिक्लोनल होती, वेगळ्याच प्रोटीनची, कंपनीच्या कागदावर सुरेख एकच बँड छापलेला आणि माझ्याकडेही तसाच येत होता, सहा महिने मी त्याच्यावर आकडे काढले, आलेख काढले, गाइडने पोस्टरही करायला लावलं. मग ज्या पेशींमधून ते जीनच काढून टाकलेलं आहे अशा पेशींचं लायसेट एका मैत्रिणीने दिलं, सहज म्हणून चालवलं, आणि त्यातही तोच बँड, तितकाच सुरेख. मी ती मेंब्रेन हातात धरून डार्करूमच्या पायरीवर बसून राहिले होते. सहा महिने पाण्यात गेले. तेव्हापासून ज्यात ते प्रोटीन नाहीच असा कंट्रोल असल्याशिवाय मी कुठल्याही बँडला नाव देत नाही. पी५३ साठी तशा पेशी सहज मिळतात, एच१२९९ किंवा साओस-२, दोन्हीत पी५३ बनतच नाही. आणि भरपूर पी५३ हवं असेल तर एमडीए-एमबी-२३१ किंवा ए४३१, यांच्यात म्युटेशनवालं पी५३ साठून राहिलेलं असतं. पुण्याला एनसीसीएसच्या रिपॉझिटरीत पेशी मिळतात पण तुमच्याकडे कल्चर नाही दिसत, तेव्हा तयार लायसेटच माग.

वेंगुर्लेकर

ताईंनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त प्रवासाचं बोलतो. दोन दिवस गरम राहिल्याने शुद्ध आयजीजी सहसा मरत नाही, ती दणकट असते, आणि ट्यूबमध्ये अझाइड असतं म्हणून बुरशी-बॅक्टेरियाही धरत नाहीत. तिला मारतं ते पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं. तुझ्या लेबलवर चार डिग्री लिहिलं असेल तर चारलाच ठेव, जास्त काळजी म्हणून फ्रीझरमध्ये ढकलू नकोस. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर तर मुळीच नको, तो बर्फ धरू नये म्हणून मधूनमधून स्वतःच गरम होतो, आणि आपल्याकडे पावसात लाइट जाते-येते ते वेगळंच. उघडायच्या आधी ट्यूब एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये दोन सेकंद फिरव, हिंदकळून आलीये, निम्मा माल झाकणाला चिकटलेला असेल.

आणि हो, वापरलेली प्रायमरी अझाइड घालून परत वापरत असशील तर नंतर मेंब्रेन नीट धू, अझाइड एचआरपीला बंद पाडतं. ते सिंकमध्येही ओतायचं नाही, धातूच्या पाइपात साठून स्फोटक संयुगं होतात.

पॅथलॅब_चिपळूण

मी पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, रोजचं काम पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेले टिशू) कापायचे आणि स्टेन करायचे. वेस्टर्नमधलं मला तुम्हा लोकांइतकं कळत नाही पण टिशूच्या बाजूने एक-दोन गोष्टी सांगतो.

तुकडा हातात आला की तो लाल असतो का पांढरट, ते बघतेस का? आमच्याकडे ताजा तुकडा येतो तेव्हा रक्ताने माखलेला असतो, जाळीच्या कागदावर ठेवला तरी डाग पसरतो. लायसेट करायच्या आधी बर्फात ठेवलेल्या पीबीएसमध्ये (खारट बफर) दोन-तीनदा खळबळून घे, बारीक कात्रीने चिरून परत खळबळ, पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत. सगळी आयजीजी जाणार नाही पण पुष्कळ जाईल.

दुसरं, आम्ही पी५३ स्लाइडवर बघतो तेव्हा बहुतेक डीओ-७ क्लोन वापरतो, तो तुझ्या डीओ-१ चा भाऊच, दोघंही प्रोटीनच्या सुरुवातीच्या टोकाजवळच धरतात, १९९२ साली एकाच गटाने छापलेले आहेत. स्लाइडचा फायदा असा की कुठल्या पेशीत रंग आलाय ते डोळ्याने दिसतं. पी५३ रंगतो तो केंद्रकात. नॉर्मल असेल तर काही केंद्रकं गडद, काही फिकी, काही कोरी, अशी शिंपडल्यासारखी दिसतात. म्युटेशनने साठलं असेल तर गाठीतली जवळपास सगळी केंद्रकं एकसारखी गडद तपकिरी, पिकलेल्या जांभळांचा घोस टांगल्यासारखी. आणि तिसरा प्रकार, गाठीत एकाही केंद्रकाला रंग नाही पण शेजारच्या चांगल्या पेशींना थोडा आहे. तिथे पी५३ बनतच नाहीये, म्हणजे तोही बिघाडच. वेस्टर्नवर हा तिसरा प्रकार आणि साधा नॉर्मल दोन्ही सारखेच कोरे दिसतील. तेव्हा गाठीत बँड नाही आला तर लगेच 'पी५३ ठीक आहे' असं थिसिसमध्ये लिहू नको. ज्या हॉस्पिटलमधून तुकडे येतात त्यांच्याकडे त्याच पेशंटचा ब्लॉक असणारच, परवानगीत बसत असेल तर दोन-चार सेक्शन माग.

गार ठेवायच्या विषयावरून आठवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचा फ्रीज आडवा होऊन तरंगत होता. तीन दिवसांनी दार उघडलं, आत चिखल, आणि चिखलात अँटीबॉडीच्या ट्यूबा. झाकणं घट्ट होती म्हणून धुवून पुसून कंट्रोल स्लाइडवर लावून बघितल्या, काही चालल्या सुद्धा. तरी पेशंटसाठी एकही वापरली नाही, सगळ्या टाकून दिल्या. रिसर्चमध्ये कंट्रोल लावून पुढे जाता येतं. आमच्याकडे त्या स्लाइडवर कुणाची तरी ट्रीटमेंट ठरते.

वेळणेश्वरकर

मी तुमच्या क्षेत्रातला नाही, माफ करा मधेच लिहितोय. तोंडाचा कॅन्सर असं शोधत शोधत इथे आलो. माझी आई गेली चाळीस एक वर्षं सकाळ-संध्याकाळ मशेरी लावते, तव्यावर तंबाखू भाजायची आणि कुटून डबीत भरून ठेवायची. गालाच्या आतून पांढरा चट्टा आहे, दोन महिने झाले, आता तिखट लागलं की झोंबतं म्हणते. ती हॉस्पिटलला यायला तयार नाही. तुमच्याकडे ती अँटीबॉडी आहे तर आईची थुंकी किंवा तिथलं थोडंसं खरवडून पाठवलं तर ती लावून सांगता येईल का कॅन्सर आहे का नाही ते? जे काही पैसे होतील ते देईन.

सुरंगी (रत्नागिरी)

दादा, वाचून कसंतरी झालं, माझी आजी पण मशेरी लावायची. पण आमच्याकडच्या ट्यूबवर स्पष्ट छापलंय की ही फक्त संशोधनासाठी आहे, निदानासाठी नाही. आणि वर तुम्ही वाचलंच असेल, मी स्वतःच माझ्या बँडला काय म्हणायचं ते शोधतेय. तुमच्या आईबद्दल मी त्यावरून हो किंवा नाही काहीही सांगितलं तर ते चुकीचं होईल. ताई किंवा चिपळूणचे दादा नीट सांगतील.

पॅथलॅब_चिपळूण

दादा, बरं केलंत विचारलंत. थुंकी पाठवू नका, त्याने काही कळणार नाही आणि तुमचे दिवस जातील.

तोंडाचा कॅन्सर आहे की नाही हे पी५३ वरून ठरतच नाही. डॉक्टर त्या जागचा छोटासा तुकडा घेतात, जागा बधिर करून, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तो आमच्यासारख्या लॅबमध्ये येतो, आम्ही पातळ काप काढून साध्या गुलाबी-निळ्या रंगात रंगवतो आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात. शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे आणि आजही निदान त्यावरच होतं. अँटीबॉडी लागलीच तर नंतर, पॅथॉलॉजिस्टला गरज वाटली तर, आणि तीही निदानासाठी म्हणून तपासलेली. तसं तपासणं म्हणजे फार मोठं काम असतं, आपल्याकडे २०१७ चे मेडिकल डिव्हाइसचे नियम आहेत त्यात या तपासण्या येतात. १९९८ साली स्तनाच्या कॅन्सरवर ट्रास्टुझुमॅब औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा हर-२ (ते औषध ज्याला धरतं ते प्रोटीन) शोधणाऱ्या तपासणीलाही त्याच वेळी मंजुरी द्यावी लागली होती, कारण कोणाला औषध द्यायचं हे त्या रंगावर ठरणार होतं.

तोंडातला चट्टा किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर दाखवायचीच, तुमच्या आईला दोन महिने झालेत आणि झोंबतंय. तुम्हाला डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल सोयीचं पडेल, नाहीतर जवळच्या डेंटिस्टकडे उद्याच न्या, तो बघून पुढे पाठवेल. सगळे पांढरे चट्टे कॅन्सर नसतात हे आईला सांगा, ते खरं आहे आणि त्याने ती यायला तयार होईल. मशेरी मात्र आजपासून बंद.

खाडीपलीकडे (दापोली)

मी एवढंच जोडते की आईला 'कॅन्सर तपासायला जाऊया' म्हणू नका, 'तिखट लागतंय तर दात दाखवून येऊ' म्हणा. माझ्या मावशीला मी तशीच नेली होती. तिचा चट्टा साधाच निघाला.

सुरंगी (रत्नागिरी)

परत आले, गणपतीच्या आधी पुरं करायचं ठरवलं होतं ते झालं.

ताई, तुम्ही म्हणालात तस्संच. प्रायमरी न लावलेल्या मेंब्रेनवर डॅब ओतला आणि अर्ध्या मिनिटात टिशूच्या चारही लेनमध्ये तोच बँड उमटला, तोच जाड, तोच तपकिरी, खाली २५ चाही. हेला आणि एमसीएफ-७ कोऱ्या. मी दोन्ही मेंब्रेन शेजारी ठेवून सरांना दाखवल्या. सर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की जुना डेटा बाजूला काढ, आणि स्वतःच सेकंडरीसाठी फोन करायला गेले. मला वाटलं होतं ओरडतील.

मग मैत्रिणीने लायसेट करून दिली, एच१२९९, एमडीए-एमबी-२३१, आणि एमसीएफ-७ डॉक्सोरुबिसिन घालून आणि न घालता. एसडीएसच्या बफरमध्ये उकळूनच दिली म्हणजे प्रवासात तुटायची भीती कमी. कुरियरवर विश्वास ठेवायची हिंमत होईना म्हणून माझा भाऊ पनवेलला गेलाच होता कामाला, तो मांडवी एक्सप्रेसने घेऊन आला. थर्माकोलची मासळीची पेटी घेतली, तीच ज्यातून पापलेट जातात, आणि त्यात बर्फ ठासून, ट्यूबा दोन प्लॅस्टिकच्या डब्यात एकात एक. दुपारी स्टेशनवरून मी सरळ मिरकरवाड्याला गेले, मासेमारीची बंदी उठून बोटी सुटल्या होत्या म्हणून बर्फ फॅक्टरी जोरात चालू होती, तिथल्या काकांनी पेटी उघडून बघितली, म्हणाले यात मासे कुठेत, मी सांगितलं कॅन्सरच्या पेशी आहेत शिकायला, तर त्यांनी दोन फावडी फोडलेला बर्फ भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

रिझल्ट: एच१२९९ कोरी. २३१ मध्ये ५३ ला एकच काळाभोर बँड, २५ ला काही नाही. एमसीएफ-७ साधी पुसट, डॉक्सोरुबिसिनवाली स्पष्ट चढलेली. अँटीबॉडी ठणठणीत आहे ताई. पस्तीस हजार वाचले.

टिशूसाठी सरांनी माणसाच्या सीरमवर शोषून घेतलेली सेकंडरी मागवली, क्रॉस-अ‍ॅडसॉर्ब्ड, ती प्रायमरीपेक्षा खूपच स्वस्त निघाली. उरलेले तुकडे पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत धुतले, सहा वेळा लागलं. आता फक्त सेकंडरी लावलेली मेंब्रेन जवळपास स्वच्छ आहे. प्रायमरी लावल्यावर पहिल्या पेशंटच्या गाठीत बँड आहे, २३१ च्या बरोबर रेषेत, आणि त्याच्या चांगल्या तुकड्यात नाही. दुसऱ्या पेशंटच्या दोन्हीत काहीच नाही. आधी सगळ्यात जाड बँड याच पेशंटच्या चांगल्या तुकड्यात होता!

आता दुसऱ्या पेशंटचं काय लिहू?

पॅथलॅब_चिपळूण

'वेस्टर्नवर पी५३ आढळलं नाही' एवढंच लिही आणि ब्लॉकचे सेक्शन मिळव. गाठीची सगळी केंद्रकं कोरी आणि शेजारी थोडा रंग असं दिसलं तर तो बिघडलेला प्रकार, शिंपडल्यासारखं दिसलं तर नॉर्मल. तुमच्याकडे स्टेनची सोय नसेल तर परवानगीचं पत्र घेऊन ये, आमच्या मॅडमना मी विचारून ठेवतो.

खाडीपलीकडे (दापोली)

शाब्बास गो बाय. कोरी एच१२९९ आणि फक्त सेकंडरीची मेंब्रेन दोन्ही थिसिसच्या मुख्य चित्रातच घाल, मागे परिशिष्टात नको. आणि मेंब्रेन पूर्ण दाखव, फक्त ५३ ची पट्टी कापून नाही, २५ पर्यंतचा सगळा भाग दिसू दे. आधीचा चुकीचा ब्लॉटही वहीत तारखेसकट चिकटवून ठेव.

वेळणेश्वरकर

सगळ्यांना कळवतो, आईला दाताच्या नावाने नेलं. डेंटिस्टने पुढे पाठवलं, काल तुकडा घेतला. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. मशेरीची डबी मी समुद्रात टाकली, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आज सकाळी बडीशेप मागितली.

सुरंगी (रत्नागिरी)

दादा, रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा. चिपळूणचे दादा, सोमवारी पत्रावर सही घेते आणि मंगळवारी पहिल्या गाडीने येते, ब्लॉक त्याच मासळीच्या पेटीतून आणू का साध्या डब्यात चालतील?

पॅथलॅब_चिपळूण

पॅराफिनमधले आहेत, बर्फ नको. फक्त उन्हात ठेवू नकोस, मेण मऊ होतं. पावसाचं म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात घाल, बाकी काही नाही.